कॅमेरा कुणाच्या हातात

प्ले

जुन्या टेपला घाई चालत नाही. तासाभराची टेप संगणकात उतरवायची तर तासभरच लागतो. तुम्ही कितीही मोठे शहाणे असा, ती तिच्या चालीनं चालणार, आणि तुम्ही तिच्याबरोबर. मध्ये उठलात तर नेमका तेव्हाच फीत अडकते. बसून राहिलात तर काही होत नाही, नुसतं बूड दुखतं.

धाकटीला नेमकं हेच जमत नव्हतं. पायाला भिंगरी असलेली बाई. वयानं चाळिशी ओलांडली, तरी घरात ती अजून धाकटीच. लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देणं हा तिचा धंदा. ("दिवसभर लोकांची लग्नं कापते," असं दादा सगळ्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.) नव्या क्लिपा कशा, बोटानं ढकलल्या की पळतात. रडणारी आत्या नको, काढा. लाडात आलेला मामा नको, काढा. इथं तिला काही काढायचं नव्हतं. शोधायचं होतं.

शोधायचं होतं बाबांना.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. धाकटी तेव्हा शाळेत होती. एका सकाळी ते ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले ते उठलेच नाहीत. मागे राहिली एक पत्र्याची पेटी. तिच्यात त्यांचा व्हिडिओ कॅमेरा आणि त्यात बसणाऱ्या तळहाताएवढ्या टेपा, एकीवर एक रचलेल्या. इतकी वर्षं त्या पेटीवर घरातली जास्तीची पांघरुणं होती.

पेटी उघडायचं कारण म्हणजे आईचे डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजरेच्या मधोमध जो डाग आलाय तो वाढत जाणार. किती लवकर, ते सांगता येत नाही. आईला कडेचं दिसायचं, मधलं नाही. एखाद्याचा चेहरा बघायचा तर ती त्याच्या कानाकडे बघायची. नवीन माणसाला वाटायचं, बाईंचं आपल्याकडे लक्षच नाही.

"मला यांना एकदा बघायचंय," आई म्हणाली होती.

"फोटो आहे की भिंतीवर."

"फोटोत ते नुसते बसलेत, दात काढायला आल्यासारखे. मला ते चालताना बघायचेत. वळताना. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, मी तर डोळापण मागत नाहीये. एक माणूस मागतेय. एकदाच."

आता यात गोची अशी, की कॅमेरा कायम बाबांच्याच हातात. सगळ्या घराला त्यांनी बघितलं, त्यांना कुणी बघितलं नाही. टेपांमध्ये आई होती, दादा होता, दात पडलेली धाकटी होती, शेजाऱ्यांचं लंगडं कुत्रंसुद्धा होतं. बाबा नव्हते.

म्हणजे तसे होते. भिंतीवर त्यांची सावली होती. भिंगाच्या कोपऱ्यात अंगठा होता. आवाज होता: "इकडे बघ. हसू नकोस, नेहमीसारखी बघ." आणि सगळीकडे, प्रत्येक टेपमध्ये, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ त्यांचा श्वास होता. त्यांच्या नाकाचं हाड वाकडं होतं. श्वास घेताना बारीक शीळ वाजायची. त्यांना आणखी एक खोड होती. माणूस पाठमोरा असला की हळूहळू त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. त्याला कळेपर्यंत.

धाकटीनं डोळ्यांत तेल घालून सगळ्या टेपा बघितल्या. सावल्या, अंगठे, आरशाच्या कडेला आलेलं कोपर, असं सगळं वेचून तिनं एक छोटी फिल्म जोडली. चांगली जोडली. धंद्यातलं कसब लावून जोडली. बाबा दिसत नव्हते, पण आहेत असं वाटत होतं.

आईनं मान वाकडी करून ती शेवटपर्यंत बघितली.

"हा यांचा अंगठा आहे," ती म्हणाली.

"हो."

"छान आलाय. आता माणूस दाखव."


पॉज

एक टेप राहिली होती. आईच्या म्हणण्याप्रमाणे बाबा असले तर त्याच टेपमध्ये. "तुम्ही दोघं अंगणात सायकलवरून भांडत होतात, त्या दिवशीची. तुमचं सगळं झाल्यावर शेवटी मी हिसकावून घेतला कॅमेरा. यांना म्हटलं, चाला आता. हे लाजले, पण चालले. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

टेपच्या अगदी शेवटी, म्हणजे.

धाकटीची कामाची एक शिस्त होती. टेप हातात आली की आधी तिच्या कडेची बारीक खिट्टी सरकवायची. खिट्टी बंद असली की त्या टेपवर नवीन काही रेकॉर्ड होत नाही. जुनं आहे ते शाबूत राहतं. हे तिनं प्रत्येक टेपला केलं होतं. न विसरता. हे ती झोपेतही करेल.

त्या दुपारी ती खिट्टीला नख लावणार एवढ्यात दादाचा फोन आला.

दादा दुसऱ्या शहरात राहायचा आणि तिथून सल्ले द्यायचा. "तू आईला उगाच आशेला लावतेयस."

"मग तू येऊन समजूत काढ तिची. उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

फोन कानाशी आणि खांद्याशी धरून तिनं टेप कॅमेऱ्यात घातली. टेप त्याच कॅमेऱ्यात लावायची, कॅमेरा वायरीनं संगणकाला जोडायचा, अशी सगळी मांडणी. कॅमेऱ्याच्या कडेचा खटका एका बाजूला ढकलला की तो जुनं दाखवतो, दुसऱ्या बाजूला ढकलला की नवीन टिपतो. खटका सैल झाला होता. तिनं त्याला चिकटपट्टी लावली होती. चिकटपट्टी सुटली होती आणि खटका टिपायच्या बाजूला घसरला होता.

संगणकावर लाल बटण दाबलं की तिचं काम सुरू व्हायचं. वर्षानुवर्षं तिच्या बोटाला एवढंच ठाऊक: सुरू म्हणजे लाल. तिनं संगणकावरचं लाल बटण दाबलं. मग, दादाला "तू ना, तू राहूच दे" म्हणता म्हणता, कॅमेऱ्यावरचंही लाल बटण दाबलं.

संगणकावरचं लाल बटण दाबलं की काम सुरू. कॅमेऱ्यावरचं दाबलं की काम तमाम.

तिला कळलं तेव्हा दादाचं सगळं बोलून झालं होतं. टेपच्या सुरुवातीचा, एका लांबलचक भांडणाएवढा भाग पुसला गेला होता. त्याच्यावर आता तिची खोली होती.

तिनं पहिल्यांदा खिट्टी सरकवली. (घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी.) मग जिवाच्या करारावर हिशेब केला: सुरुवात गेली, शेवट शाबूत आहे. बाबा शेवटी आहेत. टेप पुढे पळवली की झालं.

टेप पुढे पळेना. कॅमेऱ्यातून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"पळवू नका," कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा कानाशी धरून सांगितलं. "आतला पट्टा म्हातारा झालाय. सरळ चालवलात तर चालेल, पळवलात तर फीत तोडेल. मागे न्यायची तर तेवढी काढून माझ्याकडे आणा, हातानं गुंडाळून देतो."

"पण यावर आता काही रेकॉर्ड तर नाही ना होणार? चुकून?"

त्यानं टेप काढून खिट्टी बघितली. "खिट्टी बंद आहे. आता डोकं आपटलंत तरी होणार नाही."


रिवाइंड

म्हणून दर वेळी टेप दुरुस्तीवाल्याकडून गुंडाळून आणायची, आणि पहिल्यापासून सरळ.

तिला वाटलं होतं, आधी भिंत दिसेल. कॅमेरा टेबलावर होता, भिंगाचं तोंड भिंतीकडे. भिंत, रंगाचा पोपडा, आणि मागे आपलं तावातावानं बोलणं. एवढंच.

भिंत दिसली. रंगाचा पोपडा दिसला. "उंटावरून शेळ्या हाकू नकोस," असं ती बोललेली ऐकू आलं.

मग चित्र उचललं गेलं.

दुसरा शब्द नाही. हातात घेतलेला कॅमेरा जसा आधी थोडा खाली जाऊन मग वर येतो, तसं. भिंत सरकली, खिडकी आली, खिडकीतला उजेड एकदम पांढरा झाला आणि निवला. मग ती. पाठमोरी. मान वाकडी, फोन खांद्याशी, उजवा पाय सारखा हलतोय. चित्र हळूहळू तिच्या पाठीशी येत गेलं. मानेवरचा सुटलेला केस दिसण्याइतकं जवळ. तिथं थांबलं.

बारीक शीळ. आत. बाहेर. आत.

धाकटी माणूस म्हणून धीराची. तिनं टेप थांबवली, पाणी प्यायली आणि कारण शोधायला लागली. मीच उचलला असेन कॅमेरा, बोलता बोलता. फोनवर माणूस काय वाटेल ते करतो. पाठीमागून? बरं, मग आरसा. खोलीत आरसा नव्हता. तिनं पुन्हा चालू केलं.

पडद्यावर तिच्या कोपराजवळ, टेबलावर, भिंतीकडे तोंड करून कॅमेरा पडलेला होता. त्याची वायर संगणकात गेलेली होती. त्याचा बारका दिवा लागलेला होता.

तिनं संगणकात उतरलेली फाइल उघडली. निळा पडदा. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता निळा. पुन्हा उतरवून बघितलं, पुन्हा निळा. बाकीच्या टेपा बिनबोभाट उतरल्या होत्या. ही फक्त चालू असतानाच दिसत होती.

"मला पाठव," दादा म्हणाला.

"पाठवता येत नाही."

"अशी कशी येत नाही? तुझा धंदा आहे ना?" मग आवाज खाली आणून, "धाकटे, जेवतेस ना वेळेवर?"


प्ले

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपल्यावर तिनं टेप पुन्हा लावली. बाबांपर्यंत पोचायचं तर या खोलीतून जाणं भाग होतं. खोली संपेल, मग अंगण येईल, सायकल येईल, शेवटी ते येतील. दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखी ती बसली.

आदल्या दिवशी चित्र तिच्या मानेशी संपलं होतं आणि मग अंगणातलं भांडण सुरू झालं होतं; फाइल निळी येतेय म्हणून तिनं तिथंच थांबवलं होतं. आज ते संपलं नाही. मानेशी थांबलं, कंटाळल्यासारखं वळलं, आणि दाराकडे निघालं. दाराच्या चौकटीला हात घासल्याचा आवाज झाला. मगच अंगण आलं. दादाचं "माझी सायकल आहे ती!" अर्धं कापलेलं: "...कल आहे ती!"

खिट्टी बंद होती. तिनं टेप काढून बघितली. नखानं दाबून बघितली.

तिसऱ्या दुपारी चित्र दाराबाहेर पडलं. मधल्या बोळात आलं. चपलांच्या कपाटावरून, वाळत घातलेल्या टॉवेलवरून, सावकाश. घर तिचंच, पण इतक्या सावकाश तिनं ते कधी बघितलं नव्हतं. टॉवेल आजचा होता. सकाळी टाकलेला. अंगणातलं भांडण सगळं गेलं होतं. सायकल एकटी आडवी पडलेली दिसली आणि मग टेप खरखरायला लागली म्हणून तिनं घाईनं बंद केली.

खोली अंगणाला खातेय, धाकटीच्या लक्षात आलं. प्रत्येक वेळी थोडं थोडं. मी लावते म्हणून खातेय. आणि न लावता बाबांपर्यंत जायला दुसरा रस्ता नाही.

दुरुस्तीवाल्याला तिनं विचारलं, टेप उघडून फक्त शेवटचा तुकडा कापून देता येईल का.

"येईल की. पण तुम्ही बाई हातानं कापायला सांगताय म्हणजे..." त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "कोण आहे त्यात?"

तिनं टेप त्याच्या पुढ्यात सरकवली.

त्यानं टेपची पाठ उघडली, फीत उजेडात धरली, आणि परत बंद केली. "शेवटाला चुरगळलीय. हात लावला तर भुगा होईल. एकदा चालेल, फार तर. एकदा बघून घ्या आणि विसरा."

घरी येऊन तिनं ती टेप पेटीत ठेवली. पेटीवर पांघरुणं. पांघरुणांवर इस्त्री. मग काही काम सुचेना म्हणून एका लग्नाचा व्हिडिओ उघडला आणि नवऱ्या मुलीला चुकून सगळीकडून काढून टाकलं.


प्ले

"टेप तुटली," तिनं आईला सांगितलं.

आई शेंगा सोलत होती. डोळ्यांचं काम नव्हतं ते. "कधी?"

"काल."

"खोटं बोलताना तू लहानपणापासून उभी राहतेस. बस खाली."

धाकटी बसली.

"मी रोज दुपारी पडून असते, झोपत नाही. तू ती टेप लावतेस. मला ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"यांचं नाक," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी तुझ्या खोलीतून आला आवाज. काल बोळातून आला."

धाकटीनं शेंगांची टोपली बाजूला सरकवली.

"आई, त्यात ते नाहीयेत. दुसरंच काहीतरी आहे. ते तुझ्याकडे..." तिनं वाक्य सोडून दिलं. "एकदाच चालेल ती आता. आणि शेवटचं उरलंय की नाही, तेही मला माहीत नाही."

"मलातरी कितींदा बघायचंय? माझ्या डोळ्यांचंही तसंच आहे, एकदा चालतील फार तर. लाव."

"नको गं."

"धाकटे, तुला भीती वाटतेय ती ते दिसतील याची, का दिसणार नाहीत याची?"

धाकटी पेटीपाशी गेली. तिनं पांघरुणं बाजूला केली. कॅमेरा बैठकीच्या खोलीत आणून टीव्हीला जोडला. आई सोफ्यावर बसली, तोंड खिडकीकडे, म्हणजे तिला टीव्ही दिसेल. धाकटी तिच्याजवळ. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

भिंत. पोपडा. चित्र उचललं गेलं.

पाठमोरी धाकटी. दार. बोळ. चपलांचं कपाट. टॉवेल नव्हता, टॉवेल तिनं सकाळी काढला होता.

आईच्या खोलीचा पडदा सरकला. रिकामी गादी. चित्र तिथं घुटमळलं. मग वळलं.

बैठकीची खोली.

सोफा. सोफ्यावर दोन डोकी, पाठीमागून. एक काळं, एक पांढरं. त्यांच्या पलीकडे टीव्ही. टीव्हीत सोफा.

धाकटीनं मागे वळून बघितलं नाही. सतरंजी झटकण्याचा आवाज थांबला होता.

शीळ. आत. बाहेर. टीव्हीतून येत होती का, ते तिला सांगता येणार नाही.

चित्र पांढऱ्या डोक्याच्या मागे येऊन थांबलं. माणसाला कळेपर्यंत.

"आणा हो इकडे," टीव्हीतून आईचा आवाज आला. "कायम आपलं तुमच्याच हातात!"

शेजारी बसलेल्या आईचे ओठ मिटलेले होते. दोन्ही हात मांडीवर होते.

टीव्हीत चित्र डळमळलं. छत दिसलं, पंखा दिसला, एक बाही दिसली. कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना होतं तसं. मग ते उलटं फिरलं, आणि स्थिर झालं.

बाबा होते.

बैठकीच्या खोलीत, दाराशी. चेहरा तोच, वाकडं नाक तेच. रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून उभे.

"चाला," आईचा आवाज म्हणाला.

ते लाजले. चालले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गुडघा दुखत असल्यासारखे जरा जपून. वळले. परत आले. आई मान वाकडी करून, टीव्हीच्या कडेला नजर लावून बघत होती. तिनं डोळे मिटले नाहीत, पुसले नाहीत.

फीत कुरकुरली. पडदा निळा झाला. कॅमेऱ्यात काहीतरी बारीक तुटल्याचा आवाज झाला.

"बघितलं," आई म्हणाली. अगदी समाधानानं. मग थोड्या वेळानं, "केस किती पांढरे झालेत गं यांचे."

गेले तेव्हा बाबांच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता.

धाकटीनं आईचा हात धरला. हात गरम होता. उजव्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत, एक रुंद आडवा वळ उठला होता. कडेच्या पट्ट्यात हात घालून कॅमेरा बराच वेळ घट्ट धरला की उठतो, तसा.